दोघांचे काम, एकाचे नाव

उत्तर-आधुनिक वास्तुकला हा विषय आपल्या अंकात कशाला, असे काही मैत्रिणींना वाटेल. अमेरिकेतल्या इमारतींच्या शैलीशी आपला काय संबंध? मला वाटतो तो संबंध असा : ज्या विचाराने 'एकट्या महापुरुषाची' मिरास नाकारली, त्याच विचाराचे श्रेय वाटताना मात्र एकच पुरुष निवडला गेला. हे कसे घडले ते समजून घेण्यासारखे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ल कॉर्बुझिए, मीस व्हान डेर रोह अशा वास्तुशिल्पींनी आधुनिक वास्तुकला रुजवली. नक्षीकाम नको, जुन्याची उसनवारी नको. काच, पोलाद आणि काँक्रीटच्या सरळ रेषांतून नवा समाज उभा राहील, अशी त्यांची श्रद्धा होती. सामान्यांना उजेडाची, हवेशीर घरे मिळावीत ही तळमळही त्यात होती, ती नाकारू नये. पण एक गोष्ट त्यांनी गृहीतच धरली होती. माणसांनी कसे राहावे हे त्या माणसांपेक्षा वास्तुशिल्पीला जास्त कळते, अशी. घरी काय चांगले ते बाईपेक्षा घरच्या कर्त्याला कळते, हे आपण ऐकत आलो आहोत. त्यातलाच हा प्रकार.

या गृहीताला ज्यांनी धक्का दिला त्यांत फिलाडेल्फियाचे रॉबर्ट व्हेंच्युरी अग्रभागी होते. वास्तुकलेतली गुंतागुंत आणि विसंगती यांची बाजू घेणारे त्यांचे पुस्तक १९६६ साली आले. आयुष्य सरळसोट नसते, मग इमारत तशी असावी हा अट्टहास का, असा त्यांचा सवाल होता. हे किंवा ते अशी निवड करण्याऐवजी हेही आणि तेही सामावून घ्यावे, असे त्यांनी मांडले. त्यांची गाजलेली पहिली वास्तू १९६४ साली पूर्ण झाली, आणि ती होती त्यांच्या विधवा आईचे घर. लहान मुलाने काढलेल्या चित्रातल्यासारखे उतरते छप्पर, पण मधोमध दुभंगलेले. आईला वारंवार जिने चढावे लागू नयेत म्हणून तिच्या वावराच्या खोल्या तळमजल्यावर.

डेनिस स्कॉट ब्राऊन त्यांना १९६० साली भेटल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दोघेही शिकवत होते. डेनिस यांचा जन्म १९३१ चा, आजच्या झांबियात. वाढल्या जोहान्सबर्गला, वास्तुकला शिकल्या लंडनला, नगररचना फिलाडेल्फियात. १९५९ साली पहिल्या पतीचा मोटार अपघातात मृत्यू झाल्यावरही त्यांनी शिक्षण सोडले नाही. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स यांच्याकडून त्यांनी एक धडा घेतला : लोकांच्या आवडीनिवडींना नाके मुरडण्याआधी त्या समजून घ्या.

लास व्हेगासकडे अभ्यासाचा विषय म्हणून पाहण्याची दृष्टी त्यांची. १९६६ साली त्यांनीच व्हेंच्युरींना तिथे नेले. १९६७ साली दोघांनी लग्न केले आणि १९६८ साली येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन त्या शहराचा अभ्यास केला. त्यातून १९७२ साली व्हेंच्युरी, स्कॉट ब्राऊन आणि स्टीव्हन आयझेनॉर या तिघांच्या नावे पुस्तक निघाले. जुगारअड्ड्यांचे, झगमगत्या पाट्यांचे शहर उच्चभ्रू अभिरुचीला ओंगळ वाटत होते. यांनी ते तुच्छतेने न पाहता मोजले, रेखाटले, त्याचे फोटो काढले. सगळी इमारतच एखाद्या वस्तूच्या आकाराची करणे वेगळे आणि साध्या शेडवर बोलकी पाटी लावणे वेगळे, हा त्यांनी दाखवलेला फरक आजही वास्तुकलेच्या वर्गांत शिकवला जातो.

मला त्या पुस्तकातले सगळे पटत नाही. जुगाराच्या धंद्याचे नीतिमूल्य त्यांनी ठरवून बाजूला ठेवले. त्या पाट्यांचे पैसे कोण मोजतो, त्यांवर बाईचे शरीर कसे वापरले जाते, हे प्रश्न मला तरी बाजूला ठेवता येत नाहीत. पुढे या शैलीतले खांब आणि कमानी बड्या कंपन्यांच्या इमारतींवर शोभेपुरत्या चिकटवल्या गेल्या. व्हेंच्युरी आणि स्कॉट ब्राऊन यांनी मात्र उत्तर-आधुनिक हे बिरुद स्वतःला कधी लावून घेतले नाही.

आणि लोकांचे ऐकायचे हा विचार डेनिस यांनी कागदावरच ठेवला नाही. फिलाडेल्फियाच्या साऊथ स्ट्रीट भागातून मोठा द्रुतगती मार्ग नेण्याची योजना होती. त्याखाली प्रामुख्याने गरीब कृष्णवर्णीयांची घरे आणि दुकाने जाणार होती. १९६८ पासून डेनिस यांनी तिथल्या नागरिकांच्या समितीसाठी पर्यायी आराखडा तयार केला. लोक लढले, आणि तो मार्ग झाला नाही.

आता पुरस्काराकडे येते. वास्तुकलेतला सर्वात मानाचा समजला जाणारा प्रित्झकर पुरस्कार १९९१ साली जाहीर झाला, तो एकट्या व्हेंच्युरींना. तेव्हा दोघांना एकत्र काम करू लागून वीसहून अधिक वर्षे झाली होती, संस्थेच्या नावात दोघांचीही नावे होती. निवड समितीच्या मानपत्रात डेनिस यांचा गौरवाने उल्लेख आहे. म्हणजे सहकार्य ठाऊक होते, पण पुरस्कार एका व्यक्तीलाच द्यायचा, असे कारण सांगितले गेले. डेनिस त्या समारंभाला गेल्या नाहीत.

या अनुभवावर त्यांनी १९७५ सालीच लेख लिहून ठेवला होता. त्यांच्या कल्पना नवऱ्याच्या नावावर कशा छापल्या जातात, वास्तुशिल्पींचा फोटो घ्यायचा म्हणून त्यांनाच बाजूला व्हायला कसे सांगितले जाते, हे त्यात आहे. या व्यवसायाला एक गुरू हवा असतो आणि नवराबायको मिळून गुरू होऊ शकत नाहीत, हे त्यांचे निदान मला फार मोलाचे वाटते. लेख छापला तर आपल्याच कामावर राग निघेल, या भीतीने तो चौदा वर्षे पडून राहिला. १९८९ साली छापला गेला. ही भीती आपल्यापैकी कितीजणींच्या ओळखीची आहे!

२०१३ साली हार्वर्डच्या दोन विद्यार्थिनींनी डेनिस यांचे नाव त्या पुरस्कारात जोडावे म्हणून सह्यांची मोहीम काढली. हजारोंनी सह्या केल्या, खुद्द व्हेंच्युरींनीही केली. जुन्या समितीचा निर्णय नव्या समितीला बदलता येत नाही, असे उत्तर आले. दरम्यान २००१ साली दोन पुरुष भागीदारांना हाच पुरस्कार एकत्र मिळाला होता. २०१२ साली चीनच्या वांग शू यांना तो एकट्याला मिळाला. त्यांची संस्था उभारण्यात पत्नी लू वेनयू यांचा बरोबरीचा वाटा होता. अमेरिकन वास्तुशिल्पींच्या संस्थेने मात्र आपला नियम बदलला आणि २०१६ चे सुवर्णपदक व्हेंच्युरी आणि स्कॉट ब्राऊन दोघांना मिळून दिले. म्हणजे नियम बदलता येतात. प्रश्न इच्छेचा असतो.

पुरस्कार ही खात्यापित्या घरच्यांची चैन, असे कोणी म्हणेल. पण नाव गेले की पुढची कामे जातात, आणि मागून येणाऱ्या मुलींना आपल्या आधी कोणी होती हेच कळत नाही. शिवाय आपल्या घरातही पाहूया. आपल्या संस्थांच्या अहवालांवर, पाहणीवर, पुस्तिकांवर कोणाची नावे असतात? वस्तीत घरोघर फिरून माहिती आणणारीचे असते का? हेही आणि तेही सामावून घेण्याचा विचार आपण मानत असू, तर त्याची सुरुवात मुखपृष्ठाच्या आतल्या पानापासून करता येईल.