हाताने रंगवलेली मुंबई

ऑस्कर म्हटलं की 'आपल्याला काय मिळालं?' हा पहिला प्रश्न. मला मात्र २०२१ साली काय मिळालं नाही, तेच अजून आठवतं.

गीतांजली राव यांचा 'बॉम्बे रोज' त्या वर्षी ॲनिमेशनपटांच्या २७ पात्र चित्रपटांच्या यादीत होता. नामांकनं पाच. त्यात हा नाही. पुढे 'सोल' जिंकला. तो उत्तमच आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही. पण पाचातही जागा नसावी?

कमला ही बालविवाहातून सुटून मुंबईला आलेली मुलगी. दिवसा गजरे विकते, रात्री बारमध्ये नाचते. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा आणि शाळेत जाणारी धाकटी बहीण तारा तिच्याच आधारावर आहेत. समोर फुलं विकणारा सलीम काश्मीरमध्ये आई-वडील गमावून आलेला. कथेत धागे जरा जास्त झालेत, हे मान्य. पण चित्रं बघा! कमलाच्या स्वप्नात मुघल लघुचित्रं जिवंत होतात. म्हाताऱ्या डिसूझाबाई रस्त्याने चालू लागतात आणि आजची मुंबई विरघळून तिथे जुनं कृष्णधवल शहर उभं राहतं. हे कॅमेऱ्याने इतकं सहज जमलं नसतं.

आणि हे सगळं एकेक फ्रेम हाताने रंगवून केलेलं. आमच्या कुंभारीत कितीतरी घरांत बायका विड्या वळतात, हजार विड्यांमागे मजुरी मिळते. एकेक करत हजार म्हणजे काय, हे इथे कुणाला समजवावं लागत नाही. हाताचं काम मोजणाऱ्याला फक्त आकडा दिसतो, हेही नवीन नाही.

चुकलं कुठे? व्हेनिसचा समीक्षक सप्ताह २०१९ साली याच चित्रपटाने सुरू झाला होता. पण नेटफ्लिक्सवर तो आला ८ मार्च २०२१ ला, आणि नामांकनं जाहीर झाली १५ मार्चला. अवघा एक आठवडा! त्यात २०१७ च्या नियमबदलानंतर ॲनिमेशनबाहेरच्या इच्छुक सभासदांनाही या नामांकनांसाठी मत देता येतं. म्हणजे ज्या चित्रपटाची हवा, त्याची चलती. कमी लोकांनी पाहिलेल्या चित्रपटाला वाली कोण?

पण खरं सांगू, ऑस्करवाल्यांवर माझा अर्धाच राग आहे. उरलेला आपल्यावर. बालविवाह, डान्सबार, स्थलांतर हे विषय पोरांचे आहेत का? तरी चित्रं हलताना दिसली की आपण 'कार्टून आहे' म्हणत रिमोट मुलांच्या हातात देतो. पोटासाठी मुंबई गाठलेलं माणूस आपल्या प्रत्येकाच्या नात्यात आहे. त्यांची गोष्ट आपणच पाहिली नाही, तर लॉस एंजेलिसच्या लोकांनी का पाहावी?

असो. मावश्यांनो, मामांनो, ब्लॉगमित्रांनो, कुठे मिळाला तर दीड तास काढा. आवडला नाही तर खाली बिनधास्त भांडा. पण पाहून भांडा!