शेवट ठरलेला म्हणून निवड खोटी?

दीड-दोन तासांत संपणाऱ्या, एकट्या-दुकट्या माणसानं घरी बसून बनवलेल्या व्हिज्युअल नॉव्हेल नावाच्या खेळांवर एका विद्वानांनी अलीकडेच कोरडे ओढले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पडद्यावर एक चित्र, त्याखाली चार ओळींचा मजकूर, मग दोन-तीन पर्याय; एकावर बोट टेकवायचं आणि पुढं जायचं. हे धड वाचन नाही, धड खेळही नाही. शिवाय ते पोरकट आहे, परदेशी आहे, आणि मुख्य म्हणजे लबाडीचं आहे. कारण तुम्ही काहीही निवडलंत तरी गोष्ट लेखकाला हवी तिथंच जाऊन थांबते. इथवर ठीक होतं. पण समारोपाला टाळ्या हव्यात म्हणून त्यांनी यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणीला वेठीस धरलं. तिथल्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, कोलाम आदिवासींना आधी रस्ता आणि पाणी द्या, पर्याय निवडण्याचे हे चोचले त्यांच्या काय कामाचे, असा त्यांचा सवाल. पैनगंगेच्या अलीकडचा, तेलंगणाला खेटून असलेला हा तालुका मराठी लेखणीला एरवी क्वचितच आठवतो. दुसऱ्याचं तोंड बंद करायचं असलं की मात्र हमखास आठवतो. रस्ता आणि पाणी द्यायलाच हवं, त्याबद्दल कुणाचा वाद नाही. पण गोंड-कोलामांचा दंडार नाच काही डांबरी रस्त्याची वाट बघत थांबला नव्हता. आणि फोनवर पर्याय निवडण्याचं म्हणाल, तर कापूस महामंडळाला माल द्यायचा तर २०२५ च्या हंगामापासून ‘कपास किसान’ ॲपवर नाव नोंदवून दिवस-वेळ धरावी लागते. म्हणजे चोचला सरकारनंच घरपोच केला आहे.

किरकोळ आक्षेप आधी झटकून टाकू. खेळ पोरकट म्हणणाऱ्यांनी ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक पुन्हा बघावं. तिथंही गंमत म्हणून मांडलेला अभिरूप खटल्याचा डावच होता, आणि तो लीला बेणारेच्या गळ्याशी येईपर्यंत कुणालाच पोरकट वाटला नाही. परदेशी म्हणाल, तर शेजारच्या गोव्यात फ्रॉस्टवुड इंटरॅक्टिव्ह नावाच्या चिमुकल्या स्टुडिओनं २०२१ मध्ये ‘फरगॉटन फील्ड्स’ हा खेळ काढला. विक्रीला निघालेलं लहानपणचं घर आणि लिहिणं अडलेला लेखक, एवढीच त्याची गोष्ट. वाडा विकताना भावाभावांत झालेल्या बैठका ज्यांनी पाहिल्या, त्यांना यात परदेशी काय ते शोधावं लागेल. राहिलं ते ‘हे साहित्यच नव्हे’. हे वाक्य मराठीत इतक्या वेळा उच्चारलं गेलं आहे, की त्याचा आता शिक्का करून ठेवायला हरकत नाही. कादंबरी आली तेव्हा ती वाचून पोरी बिघडणार होत्या. बोलपट आला तेव्हा नाटक मरणार होतं, दूरदर्शन आलं तेव्हा वाचन. ग्रामीण लिहिणारे आले तेव्हा भाषा बाटणार होती. मराठी वाचक वारल्याची वार्ता दर पिढीला येते आणि दिवाळी अंक दर वर्षी निघतात. कला कलेसाठी की जीवनासाठी, यावर तर दोन्ही पक्षांनी एवढी शाई सांडली की तिनं एखादं छोटं धरण भरलं असतं. निकाल एवढाच लागला, की लोकांनी दोन्हीकडची पुस्तकं आवडीनं वाचली. तेव्हा साहित्य आहे की नाही हा निवाडा आपण पुढल्या पिढीवर सोडू. आपल्यासमोर खरा आक्षेप एकच उरतो, लबाडीचा, आणि त्याला मात्र सवडीनं भेटायला हवं.

प्रथम हिशेब. प्रत्येक पर्यायाला खरोखरच स्वतंत्र वाट फुटू दिली, तर दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय ठेवले की १,०२४ शेवट लिहावे लागतील. वीस ठिकाणी ठेवले की १०,४८,५७६. एकटा लेखक सात जन्म लिहीत बसला तरी हे पुरं व्हायचं नाही. म्हणून वाटा फुटतात, थोड्या अंतरावर पुन्हा एकत्र येतात, आणि निवडीची खूण तेवढी मागं राहते: पुढच्या भेटीत कुणी तुटक बोलतं, एखादी आठवण निघते किंवा मुद्दाम काढली जात नाही. ‘रेनपाय’ या मोफत साधनात हे काम कसं चालतं ते उघडंच आहे. मेनू लिहायचा, प्रत्येक पर्यायापुढं गोष्टीच्या कुठल्या टप्प्यावर उडी मारायची ते सांगायचं, आणि काय निवडलं ते टिपून ठेवायचं. आमच्या विद्वानांना या एकत्र येणाऱ्या वाटा दिसल्या आणि चोर रंगेहाथ पकडल्याचा आनंद झाला. पण हा चोर कधी लपलाच नव्हता. १९६७ साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियानं ‘किनोऑटोमॅट’ दाखवला. प्रेक्षकांच्या खुर्च्यांना बटणं होती. मधेच चित्रपट थांबे, नायकानं आता काय करावं यावर मतदान होई, बहुमताप्रमाणे गोष्ट पुढं सरके. दोन्ही फाटे पुढच्या थांब्याला पुन्हा एकच होत, आणि शेवटचं जळणारं घर तर चित्रपटाच्या सुरुवातीलाच दाखवलेलं होतं. म्हणजे दिग्दर्शकानं शेवट आधी सांगून मग मतं मागितली. ही फसवणूक असेल तर ती फसवल्या जाणाऱ्याला पहिल्या मिनिटाला कळवून केलेली फसवणूक आहे.

मग शेवट बदलायचाच नसेल, तर विचारायचं कशाला? विचारल्यानं घटना बदलत नाही; ती कुणाच्या खात्यावर पडते ते बदलतं. २०१५ सालचा ‘एमिली इज अवे’ हा खेळ घ्या. २००२ ते २००६ अशी पाच वर्षं, दर वर्षी एक संभाषण, दोन वर्गमित्र, जुन्या संगणकावरची चॅटची खिडकी. तीन उत्तरांतलं एक निवडायचं आणि कीबोर्डवर बोटं आपटायची, की ते वाक्य एकेक अक्षरानं उमटत जातं. पुढं पुढं असं होऊ लागतं, की आपण निवडलेलं मनातलं वाक्य अर्धं उमटतं, मग आपोआप मागं मागं खोडलं जातं आणि त्याच्या जागी एक सपक, बिनधोक वाक्य जातं. बोटं आपलीच चालू असतात. मैत्री तुटायची ती तुटतेच. हीच गोष्ट कथेत लिहिली असती तर ‘तो बोलायचं ते बोललाच नाही’ असं एक वाक्य आलं असतं, आणि वाचकानं त्या बावळटाची कीव केली असती. इथं कीव करायला दुसरा कुणी नाही. जे विद्वान म्हणतात की शेवट एकच असल्यानं निवडीला अर्थ नाही, त्यांनी हे तर्कशास्त्र आपल्या आयुष्याला लावून पाहावं. सगळ्यांचाच शेवट एक आहे, म्हणून कुणी सरळ आणि वाकडं वागण्यातला फरक रद्द केलेला नाही.

परंपरेचा दाखला हवा असेल तर तो घरातच आहे. वेताळ पंचविशीत राजाच्या खांद्यावर प्रेत आहे, वाट स्मशानाची आहे, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी वेताळ विचारतो: यात दोष कुणाचा, ही मुलगी कुणाची, मोठं कोण? उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शंभर शकलं. बोललास तर मौन मोडलं आणि प्रेत पुन्हा झाडावर. पर्याय दोन, दोन्ही लेखकानं आधीच बांधून ठेवलेले, आणि विक्रम दर खेपेला त्याच झाडाशी परत. आमच्या आक्षेपकांच्या मापानं ही जगातली सर्वांत लबाड गोष्ट ठरायला हवी. पण तिला शतकानुशतकं कुणी लबाड म्हटलं नाही, कारण ऐकणारं पोर राजाच्या आधी मनात आपलं उत्तर देऊन मोकळं होतं आणि मग ते राजाच्या उत्तराशी ताडून पाहतं. प्रेत कितव्या खेपेला स्मशानात पोचलं हे कुणाच्या लक्षात नसतं. आपण कुणाला दोषी धरलं हे असतं. व्हिज्युअल नॉव्हेलनं फार तर एवढंच केलं, की मनातल्या उत्तराला पडद्यावर जागा दिली.

आणि आता त्या झरी जामणीकडं वळू, जिच्या नावानं हा खटला गुदरला आहे. निवडींना तोटा नाही अशी जागा पाहायची असेल तर कोरडवाहू कापसाचा हंगाम पाहावा. पहिल्या पावसावर पेरायचं की थांबायचं. चुकलं तर दुबार पेरणी. परवान्याच्या बीटी बियाण्याची पिशवी घ्यायची की चोरून येणारी, बेकायदा चोरबीटी. कृषी केंद्राची उधारी घ्यायची की आणखी कुणाची. घरात रचलेला कापूस वाळेपर्यंत थांबायचं की दारात आलेल्या व्यापाऱ्याच्या खेडा खरेदीच्या गाडीत भरून टाकायचा; थांबावं तर घेणेकरी थांबत नाही, आणि महामंडळाच्या केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर माल परत. यातली प्रत्येक निवड खरी आहे, शेतकऱ्यानं स्वतः केलेली आहे, आणि तरी वाटा कुठं जाऊन मिळतात ते सगळ्यांना माहीत आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. त्यानंतर जी स्पष्टीकरणं झाली, त्यांतलं एक फार सोयीचं होतं: त्यांनी हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही, औषधं एकात एक मिसळली. थोडक्यात, निवड त्यांची होती.

इथं या प्रकाराचं खरं हत्यार कामाला येतं. २०१३ सालच्या ‘डिप्रेशन क्वेस्ट’ या खेळात नैराश्यानं खचलेल्या माणसाचे दिवस आहेत. प्रत्येक प्रसंगाखाली पर्याय दिसतात, पण सर्वांत शहाणा पर्याय बहुधा काट मारून ठेवलेला असतो. तो वाचता येतो, निवडता येत नाही. तब्येत जितकी ढासळते तितक्या काटलेल्या ओळी वाढतात. आता हेच फवारणीच्या सकाळीला लावा. डोक्याबरोबरीनं वाढलेली पऱ्हाटी, पाठीवर पंप, रोजानं आलेला मजूर. पडद्यावर तीन ओळी: ‘हातमोजे, मास्क, चष्मा घाला’; ‘वारा पडेपर्यंत थांबा’; ‘चला’. पहिल्या दोन ओळींवर काट. एक काट मालकानं किट घेतलं नाही म्हणून, दुसरी काट रोज बुडेल म्हणून. चौकशीच्या कागदावर तिन्ही पर्याय सारख्याच शाईत छापले जातात. हातात एकच उरलेला असतो. कागदावरचा पर्याय आणि हातातला पर्याय यांतलं हे अंतर अग्रलेख सांगू शकतो, कथा त्यावर रडवू शकते. काटलेल्या ओळीवर स्वतःचं बोट आपटूनही ती हलत नाही, हा अनुभव देणं मात्र याच प्रकाराला साधतं. ज्या मर्यादेला आमचे विद्वान लबाडी म्हणतात, ती या ठिकाणी साक्षीदाराची जबानी होते. निवड त्यांची होती असं ज्यांना सहज म्हणता येतं, त्यांनाच हा खेळ आधी खेळायला द्यावा.

यावर म्हटलं जाईल, की शहरातल्या सुखवस्तू माणसानं पंख्याखाली बसून दीड तास मजूर व्हायचं आणि मग चहा प्यायचा, ही दुःखाची सहलच झाली. खरं आहे, पण तो आरोप दलित आत्मकथा आरामखुर्चीत वाचणाऱ्यावरही बसतो आणि त्यासाठी कुणी आत्मकथा छापायच्या थांबवा म्हणत नाही. म्हटलं जाईल, की यांतले बहुतेक खेळ सुमार असतात. बहुतेक कवितासंग्रहही असतात.

आता मंडन. ते खंडनाइतकं ऐसपैस नाही, हे उघड आहे. पण कसोटी सांगता येते. ज्या खेळात कुठलाही पर्याय निवडला तरी काहीच गमवावं लागत नाही, नायिकेला निळी साडी की हिरवी एवढाच प्रश्न असतो, तो केराच्या टोपलीत टाकायला मी विद्वानांच्या सोबत येईन. ज्यात प्रत्येक निवडीला किंमत आहे आणि ती किंमत पुढच्या प्रसंगात वसूल होते, तो टिकावा. असं काही मराठीत करायला लागतं फार थोडं: दीर्घकथेएवढा मजकूर, पाच-दहा चित्रं आणि रेनपायसारखं फुकटचं साधन, ज्याच्या अलीकडच्या आवृत्त्यांत देवनागरी जोडाक्षरंही नीट जुळतात आणि ज्यातलं काम साध्या अँड्रॉइड फोनवर चालतं. झरी जामणीत मराठी, कोलामी, गोंडी आणि तेलुगू एकाच बाजारात बोलल्या जातात. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं ठरवतो, हाच तिथल्या गोष्टीतला पहिला पर्याय होऊ शकतो, आणि तो इतर कुणाला सुचणार नाही. जून ते जानेवारी एवढा एक हंगाम त्या तालुक्यातल्या कुणी लिहावा. मग आमच्या विद्वानांनी तो एकदा खेळावा, आपण कुठं कुठं बोट टेकवलं ते प्रामाणिकपणे सांगावं, आणि त्यानंतर निवड खोटी होती असं म्हणून दाखवावं.