जुळ्या कोकरांची गोष्ट आणि वीस वर्षांचा धीर

माडग्याळी मेंढ्याला अमुक लाखांची बोली लागली, अशी बातमी आली की आपण ती लगेच फॉरवर्ड करतो. नाकाचा बाक बघा, उंची बघा! पण त्याच्या आईनं किती वेतांत किती कोकरं जगवली, हे कुणी विचारतं का? मेंढपाळाचं पोट तर त्यावरच चालतं. लोकरीला आता भाव राहिलेला नाही. पैसा येतो तो तीन-चार महिन्यांचं कोकरू विकून.

आपली दख्खनी मेंढी काटक. दिवाळीनंतर वाडा घेऊन कोकणात उतरायचं, पावसाच्या आधी परत यायचं, एवढी चाल ती सोसते. पण वेताला कोकरू एकच, जुळं क्वचित.

हाच प्रश्न आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं हातात घेतला. बनबिहारी निंबकरांनी ही संस्था १९६८ साली काढली. त्यांच्या कन्या डॉ. चंदा निंबकर यांनी मेंढ्यांच्या आनुवंशिकतेचं काम कित्येक वर्षं चालवलं आणि ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठातून याच विषयात पीएचडी केली.

उत्तर सापडलं सुंदरबनात. तिथली गरोळ मेंढी दहा-पंधरा किलोची, बघून कुणी हसेल अशी, पण एका वेताला दोन-तीन कोकरं देते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कलकत्त्याहून काही मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या. तिथल्या बुरुला मेरिनो मेंढ्यांत जुळ्या-तिळ्यांचं जे जनुक पुढं गाजलं, ते याच बंगाली मेंढ्यांकडून गेलं असं शास्त्रज्ञ मानतात. 'फेक-बी' म्हणतात त्याला. २००१ साली त्याची नेमकी जागा सापडली आणि रक्ताच्या तपासणीवरून कोणत्या कोकरात ते आहे हे सांगता येऊ लागलं. म्हणजे माल आपलाच, पण किंमत परदेशात कळली.

आता खरी मेहनत. गरोळचा संकर दख्खनीशी केला की पहिल्या पिढीत अर्धं रक्त गरोळचं, आणि त्याबरोबर तिचा बुटका बांधाही येतो. मग त्या पिढीतली जनुक असलेली कोकरं निवडायची, पुन्हा दख्खनीला लावायची. पाऊण दख्खनी, मग साडेसत्याऐंशी टक्के, असं करत जायचं. एकेका पिढीला दोनेक वर्षं धरली तरी आठ-दहा वर्षं सहज गेली. शिवाय मांसल बांध्यासाठी कर्नाटकातली बन्नूर आणि दुधासाठी आवासी, यांचंही थोडं रक्त आणलं. यातून उभी राहिली ती 'नारी सुवर्णा'. जनुकाची एक प्रत असलेल्या मेंढीला साधारण दर दोन वेतांत एकदा जुळं होतं. दोन्ही प्रती असल्या तर तिळी वाढतात, आणि तिसऱ्या कोकराला दूध कुठून आणायचं? म्हणजे 'जितकी जास्त तितकं चांगलं' हेही खरं नाही.

मला या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. नर मेंढपाळांच्या वाड्यांत दिले आणि तिथं नोंदी ठेवल्या. किती जन्मली, किती जगली, किती किलोला विकली. संस्थेच्या गोठ्यात हिरवा चारा खाऊन जुळी झाली याला अर्थ नाही. माळावर, उन्हात, चालून चालून दोन्ही कोकरं जगली तरच ती सुधारणा.

आता आपल्याकडची योजना बघा. महामेष योजनेत वीस मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदान. योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला आधार मिळतोच. पण त्या एका नराचं रक्त वर्षभरात वीसही मेंढ्यांच्या कोकरांत उतरणार. निवड चुकली तर चूकही तितकीच पसरणार. तो नर केवळ अंगापिंडावरून निवडायचा का?

माझं म्हणणं सरळ आहे. अनुदानातल्या प्रत्येक नराबरोबर त्याच्या आईच्या वेतांची नोंद मिळाली पाहिजे. तालुक्यातल्या काही वाड्यांत पगारी माणूस नेमून नोंदी ठेवल्या पाहिजेत, आणि त्या मेंढपाळालाही बघता आल्या पाहिजेत. आणि असं संशोधन करणाऱ्यांना पैसा दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पापुरता न देता पंधरा-वीस वर्षांच्या हिशेबानं दिला पाहिजे. मेंढी पाच महिने गाभण राहते. बजेट मार्चमध्ये संपतं म्हणून ती लवकर वीत नाही.

कुणी म्हणेल, चराऊ रानंच राहिली नाहीत, जुळी घेऊन काय करायचं? प्रश्न बरोबर आहे. जनुक म्हणजे चारा नव्हे. जुळ्यांच्या आईला व्यायच्या आधी आणि नंतर थोडा खुराक लागतोच. पण रान कमी होत असेल तर तेवढीच कोकरं कमी मेंढ्यांत मिळणं हे उलट जास्त गरजेचं आहे.

पुढच्या वेळी लाखाच्या मेंढ्याचा फोटो आला की खाली एकच प्रश्न टाका: याच्या आईची वही कुठंय?