डबा आतून मोजावा

वाचकहो, सुट्टीत मुलांच्या हाताला काम द्यावे, असे आम्ही या पानावर अनेकदा लिहिले आहे. या वेळी आमच्याच घरातला अनुभव सांगतो.

आमच्या धाकट्याने दोन ईदची ईदी साठवून दहा इंची सबवूफर आणला आणि त्याचा बंद खोका घरीच बनवला. १८ मिलिमीटरचा प्लायवूड, गोंद, स्क्रू. काम खरेच नेटके होते. पण चालू करताच प्रत्येक ठोका एकाच सुरात घुमू लागला. नातच्या रेकॉर्डिंगमधला दफही ढोलासारखा वाजे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या चाची आल्या. चाचा नुकतेच दवाखान्यातून घरी आलेले. "तुमचा खोका बोलला की आमच्या कपाटातल्या बश्या वाजतात," एवढेच त्या म्हणाल्या. आम्हाला शरम वाटली आणि सारा राग मुलावर निघाला. "विकून टाक ते!" पोराचा चेहरा उतरला.

आमची अम्मी सारे ऐकत होती. तिने नातवाला विचारले, "खोका किती मोठा केलास?" तो म्हणाला, "कागदावर ४० लिटर लिहिलंय, तेवढाच." मोजले तर ४० × ३४ × ३० सेंटिमीटर, म्हणजे ४०.८ लिटर. पण हे माप बाहेरचे! अम्मी हसली. "अरे, तांदळाचा डबा बाहेरून मोजून आत किती मावेल ते कळतं का?"

चूक तिथेच होती. दोन्ही बाजूंच्या फळ्यांची जाडी वजा केली की आतले माप ३६.४ × ३०.४ × २६.४ उरते, म्हणजे जेमतेम २९ लिटर. त्यातही स्पीकरचा मागचा भाग आणि आतली आडवी पट्टी मिळून तीनेक लिटर जागा अडवत होती. हाती उरले २६ लिटर. बंद खोक्यातली हवा स्प्रिंगचे काम करते. हवा कमी असली की स्प्रिंग ताठ होते, खालचे सूर दबतात आणि मधलाच एक सूर फुगतो.

पहिला उपाय स्वस्त होता. आत उशीत भरतात तसा पॉलिस्टरचा कापूस सैल भरायचा. दाबली गेलेली हवा तापते, ती उष्णता तंतू शोषून घेतात, त्यामुळे हवा मऊ पडते आणि खोका थोडा मोठा असल्यासारखा वागतो. पण यातून १०-१५ टक्क्यांहून फार अपेक्षा ठेवू नये. ठासून भरला तर उलट जागाच जाते.

म्हणून खोकाच वाढवला. मागची फळी केवळ स्क्रूंवर होती, हे बरे. ती काढून तिच्या आणि खोक्याच्या मध्ये १० सेंटिमीटर खोल चौकट बसवली. आतले तोंड ३६.४ × ३०.४, म्हणजे दर सेंटिमीटरला १.१ लिटर, एकूण ११ लिटरची भर. २६ चे ३७ झाले, हलक्या कापसाने उरलेली कसर भरून निघाली. सांध्यांना सिलिकॉन लावले. मग खोका चालू ठेवून सांध्यांजवळ अगरबत्ती फिरवली. धूर कुठे थरथरला नाही, म्हणजे हवा गळत नव्हती.

कुणाचा खोका उलट मोठा झाला असेल, तर आत लाकडी ठोकळे स्क्रूने घट्ट बसवावेत. २० × १० × ५ सेंटिमीटरचा ठोकळा एक लिटर जागा घेतो. सैल राहिला तर खडखडेल.

आता दफ दफासारखा वाजतो. पण खोका सुधारला म्हणून भिंत जाड झाली नाही. खालचे सूर भिंतीपलीकडे जातातच. खोक्याखाली रबराचे तुकडे ठेवले, तो सामाईक भिंतीपासून दूर हलवला, आणि चाचा पूर्ण बरे होईपर्यंत तो बंदच ठेवायचे ठरले. हे मुलाने स्वतः जाऊन चाचींना सांगितले. शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने किती मोठा मानला आहे, हे त्याला आम्ही वेगळे सांगावे लागले नाही.

आम्ही मात्र त्याची माफी मागितली. विकून टाक म्हणण्याआधी एकदा त्याच्याबरोबर टेप घेऊन बसायला हवे होते.