डिकीतले पाचवे चाक कुणी काढले?

१५ जुलै २०२४ च्या पहाटे अहमदाबाद-वडोदरा द्रुतगती महामार्गावर, आणंदजवळ, राजस्थानकडे निघालेली एक आराम बस टायर निकामी झाल्यामुळे कडेला थांबली. दुरुस्ती चालू असताना काही प्रवासी खाली उतरून उभे होते. मागून आलेला भरधाव ट्रक बसवर आदळला आणि सहा जणांचा बळी गेला. त्याआधी तीनच महिने, १७ एप्रिल रोजी, याच मार्गावर नडियादजवळ उभ्या असलेल्या अवजड वाहनावर मागून मोटार आदळून दहा जण मृत्युमुखी पडले होते. या दोन्ही घटनांत वेगाची आणि चालकांच्या बेफिकिरीची चर्चा पुष्कळ झाली. मात्र पहिल्या घटनेतील एक बाब दुर्लक्षितच राहिली. ते सहा प्रवासी टायर निकामी झाल्यामुळे दगावले नाहीत, टायर दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर थांबावे लागल्यामुळे दगावले.

मोटारीत जादा चाक असावे की पंक्चर होऊनही धावणारे ‘रन-फ्लॅट’ टायर असावेत, हा वाद एरवी मोटारींच्या हौशी जाणकारांपुरता मर्यादित असतो. वडोदऱ्यात मात्र त्याला वेगळे वजन आहे. शहराच्या वायव्येला देशातील पहिल्या द्रुतगती महामार्गांपैकी एक, ९३ किलोमीटरचा हा अहमदाबाद मार्ग सुरू होतो. दक्षिणेला भरूचपर्यंतचा दिल्ली-मुंबई द्रुतगती महामार्गाचा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये खुला झाला आहे. वाघोडिया तालुक्यातील लिमडा येथे अपोलो टायर्सचा आणि सुमारे चाळीस किलोमीटरवरील हालोल येथे सिएटचा कारखाना आहे. त्याच हालोलात पूर्वी जनरल मोटर्सची असलेली मोटारनिर्मिती २०१७ नंतर एमजी मोटरकडे गेली. टायर, मोटार आणि ज्या रस्त्यावर या दोहोंची कसोटी लागते तो रस्ता, हे तिन्ही एकाच शहराच्या परिघात असण्याचा योग देशात फारसा कुठे जुळून येत नाही.

आपण सुट्या चाकाला सरसकट ‘स्टेपनी’ म्हणतो. हा शब्द मुळात एका कंपनीच्या नावातून आला आहे. वेल्समधील लानेली गावातल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ च्या सुमारास मोटारीसाठी जादा चाक विकायला सुरुवात केली. त्यांचे दुकान स्टेपनी स्ट्रीटवर होते, म्हणून त्या चाकाला स्टेपनी हे नाव पडले. त्या काळी मोटारींबरोबर जादा चाक मिळतच नसे. घोड्यांच्या नालांचे खिळे पसरलेल्या रस्त्यांवर टायर फाटला की चालकाने तिथेच बसून तो शिवायचा, अशी रीत होती. डेव्हिस बंधूंचे चाक पंक्चर झालेल्या चाकावरच पकडींनी बसवले जाई आणि गाडी चालू लागे. इंग्लंडात हा शब्द केव्हाच मागे पडला. आपल्याकडे मात्र ट्रकवाल्यांपासून दुकानदारांपर्यंत सर्वांच्या तोंडी तो राहिला, कारण वस्तूची गरज राहिली.

ती गरज आता संपली, असे कायद्याने २०२० मध्ये अंशतः मान्य केले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने त्या वर्षीच्या जुलैमध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीत ट्यूबलेस टायर, हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा आणि टायर दुरुस्तीचा संच असेल, तर कंपनीने स्टेपनी देण्याची सक्ती उरली नाही. त्यामुळे जागा वाचेल आणि ती विजेवरील वाहनांच्या बॅटरीसारख्या कामी येईल, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. यात तथ्य नाही असे नव्हे. भरलेले चाक आणि जॅक यांचे ओझे पंधरा ते वीस किलोंच्या घरात जाते आणि बहुतेक मोटारींत ते वर्षानुवर्षे न वापरता वाहिले जाते. परंतु या दुरुस्तीत एक गोष्ट नीट पाहण्याजोगी आहे. स्टेपनीच्या जागी रन-फ्लॅट टायर द्यावेत असे तिने कुठेही म्हटलेले नाही. तिने मागितला आहे तो केवळ दुरुस्तीचा संच. वाद रन-फ्लॅट आणि स्टेपनी यांच्यात चालला होता, आणि बाजी मारली ती कुणी उभाही न केलेल्या तिसऱ्याच उमेदवाराने.

रन-फ्लॅट टायरची रचना तशी सरळ आहे. त्याच्या बाजूच्या भिंती जाड, ताठ आणि उष्णता सोसणाऱ्या रबराच्या असतात. हवा पूर्ण गेली तरी त्या गाडीचा भार तोलून धरतात. साधारण संकेत असा की, हवा गेल्यानंतर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत सुमारे ८० किलोमीटर अंतर कापता यावे. हा आकडा अहमदाबाद-वडोदरा मार्गाशेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. संपूर्ण रस्ता ९३ किलोमीटरचा आणि मध्ये नडियाद, आणंद येथे बाहेर पडण्याची सोय. म्हणजे या मार्गावर कुठेही हवा गेली, तरी असा टायर असलेल्या मोटारीला रस्त्यात थांबण्याचे कारण पडत नाही. वेग उतरवावा, कडेच्या मार्गिकेत यावे आणि पुढच्या फाट्यावर बाहेर पडावे. रात्री दोन वाजता कुटुंबाला कठड्याशेजारी उभे करून जॅक लावण्याची वेळ येत नाही, हा या टायरचा खरा लाभ आहे. जागा आणि वजन या गोष्टी त्यापुढे दुय्यम ठरतात.

मग हे टायर पसरले का नाहीत? प्रयत्न जुने आहेत. सत्तरच्या दशकात डनलॉपने ब्रिटनमध्ये ‘डेनोव्हो’ नावाने असा टायर आणला आणि तो मिनीसारख्या छोट्या मोटारीवरही मिळत असे, पण रुजला नाही. अमेरिकेत नव्वदच्या दशकात कॉर्वेट मोटारीने गुडइयरचे रन-फ्लॅट स्वीकारले आणि पुढे स्टेपनी काढूनच टाकली. भारतात हे टायर आले ते प्रामुख्याने जर्मन आलिशान मोटारींबरोबर. तक्रारीही सोबतच आल्या. ताठ भिंतींमुळे प्रत्येक खड्डा पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो. टायर महाग, आणि तो विशिष्ट आकारात मोठ्या शहरांतच मिळतो. हवा नसताना धावलेला टायर पुन्हा दुरुस्त करून वापरू नये असा बहुतेक उत्पादकांचा सल्ला असतो, म्हणजे एका खिळ्यापायी संपूर्ण टायर जातो. आणि खड्ड्याच्या धारदार कडेने भिंतच चिरली, तर रन-फ्लॅटचे संपूर्ण गणित ज्या भिंतीवर उभे आहे तीच कोसळते. अखेर भारतात विकल्या जाणाऱ्या अशा काही मोटारींत रन-फ्लॅट टायर असूनही डिकीत छोटी स्टेपनी ठेवण्याची वेळ आली. सामानाची निम्मी जागा ती खाते आणि मालक कुरकुरतो, तरी काढून टाकायला धजत नाही. भारतीय रस्त्याने जर्मन अभियंत्यांना दिलेले हे उत्तर पुरेसे बोलके आहे. अलीकडे सिएटनेही रन-फ्लॅट टायर बाजारात आणले आहेत. मात्र त्यांचा रोख सध्या तरी महागड्या मोटारींकडेच आहे.

आता त्या तिसऱ्या उमेदवाराकडे वळू. दुरुस्तीचा संच म्हणजे एक छोटा कॉम्प्रेसर आणि चिकट द्रवाची बाटली. द्रव टायरमध्ये सोडायचा, हवा भरायची आणि काही अंतर हळू चालवून तो आतून पसरू द्यायचा. टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागात खिळा वा स्क्रू घुसून पडलेले काही मिलिमीटरांचे छिद्र त्याने बुजते. बाजूची भिंत चिरली, चाकाची कड वाकली वा टायरच्या चिंध्या झाल्या, तर ही बाटली निरुपयोगी आहे. द्रवाला मुदत असते आणि ती उलटून गेल्याचे बहुतेकांना पंक्चर झाल्यावरच कळते. द्रव वापरलेला टायर पुढे दुरुस्त करताना कारागीर कपाळाला आठ्या घालतो, ते निराळेच.

शिवाय ही बाटली जे छिद्र बुजवते, त्याची आपल्याकडे फारशी अडचण कधी नव्हतीच. ट्यूबलेस टायरमधला खिळा हवा हळूहळू सोडतो. गाडी पंक्चरवाल्यापर्यंत पोहोचते, तो शे-दीडशे रुपयांत रबराची दोरी ठोकून देतो. अडचण आहे ती खड्ड्यांनी चिरलेल्या भिंतींची. पावसाळ्यात अनमोड वा चोर्ला घाटातून बेळगाव-हुबळीकडे जाणाऱ्या गोमंतकीयांना हे वेगळे सांगायला नको. पाण्याने भरलेला खड्डा दिसत नाही, टायर आपटतो, भिंतीवर टेंगूळ येते किंवा ती सरळ फाटते. घाटात मोबाईलची रेंज नाही, मागेपुढे वस्ती नाही. अशा ठिकाणी रन-फ्लॅट टायरही खात्रीचा नाही आणि बाटली तर नाहीच. उपयोगी पडते ते डिकीतले पाचवे चाक. उसगावच्या एमआरएफ कारखान्यामुळे टायरनिर्मितीशी गोव्याचाही जुना संबंध आहे, पण घाटात अडकलेल्याला कारखाना जवळ असून काय उपयोग?

म्हणजे द्रुतगती महामार्गावर रन-फ्लॅट सरस, घाटात आणि ग्रामीण रस्त्यावर स्टेपनी सरस. दोहोंपैकी कुठल्याही ठिकाणी बाटली सरस नाही. तरीही नियमाने तिलाच पुरेसे मानले, कारण ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत हलकी आहे. हा बदल ग्राहकाच्या मागणीतून आलेला नाही. चाक, टायर, जॅक यांचा खर्च वाचतो तो उत्पादकाचा, आणि गाडीची किंमत तेवढ्याने उतरल्याचे कुणाच्या पाहण्यात नाही.

अमेरिकेत हा प्रवास आपल्याआधी झाला. तेथील मोटारचालकांच्या एएए या संघटनेने २०१५ सालच्या नव्या मोटारी तपासल्या, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक मोटारींत स्टेपनी नसल्याचे आढळले. तेथे निदान दाबाची सूचना देणारी यंत्रणा सर्व नव्या हलक्या वाहनांना सक्तीची आहे. फायरस्टोनचे टायर आणि फोर्डच्या एक्सप्लोरर मोटारी यांच्या २००० सालच्या गाजलेल्या प्रकरणानंतर तो कायदा झाला. भारतात ही यंत्रणा स्टेपनी काढायची असेल तरच लागते. स्टेपनी ठेवणाऱ्या स्वस्त मोटारीच्या मालकाला टायरमधली हवा कमी झाल्याचे कळण्याचा मार्ग म्हणजे पेट्रोल पंपावरचा मापक, आणि तो बरोबर असेलच याची हमी नाही.

हालोलात तयार होणारी कॉमेट ही तीन मीटरांहून कमी लांबीची विजेवरील मोटार या बदलाचे नमुनेदार उदाहरण आहे. तिच्यात स्टेपनी नाही, दुरुस्तीचा संच आहे. शहरात फिरण्यासाठी घडवलेल्या एवढ्याशा मोटारीत पाचवे चाक ठेवायला जागाच नाही, हे मान्य करायला हवे. अलकापुरीहून मांडवीपर्यंत जाणाऱ्याला टायर फुटला तर रिक्षा मिळते. आक्षेप या मोटारीला नाही. आक्षेप आहे तो एकाच नियमाने छोट्या शहरी मोटारीला आणि सात जणांना घेऊन वडोदऱ्याहून कोकणात उतरणाऱ्या मोठ्या मोटारीला एकाच मापाने मोजण्याला. जागेची अडचणही सर्वस्वी अटळ नाही. गुजरातेत लोकप्रिय असलेल्या सीएनजी मोटारींत टाकी संपूर्ण डिकी खात असे. टाटा मोटर्सने २०२३ मध्ये एका मोठ्या टाकीऐवजी दोन छोट्या टाक्यांची रचना आणून सामानाची जागा बरीचशी मोकळी केली. सोय करायचे ठरवले तर ती होते, हे त्यावरून दिसले.

या साऱ्याला कायदेशीर बाजूही आहे. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये पुणे-मुंबई प्रवासातील २०१० सालच्या एका अपघाताच्या प्रकरणात विमा कंपनीचे अपील फेटाळताना, टायर फुटणे ही दैवी आपत्ती नसून मानवी निष्काळजीपणा आहे, असा निर्वाळा दिला. अतिवेग, हवा कमी वा जास्त असणे, जुने टायर, तापमान अशी कारणे न्यायालयाने नोंदवली आणि प्रवासापूर्वी टायर तपासण्याची जबाबदारी चालक-मालकावर असल्याचे म्हटले. हा निकाल योग्यच आहे. पण त्यामुळे उभी राहणारी विसंगतीही पाहावी लागेल. टायरची संपूर्ण जबाबदारी मालकाची, आणि तो निकामी झाल्यास हाताशी काय असावे हे ठरवण्याचा अधिकार मात्र कंपनीचा.

नियमात सुधारणा करायची तर ती अवघड नाही. स्टेपनीची सूट मोटारीची लांबी आणि आसनसंख्या पाहून द्यावी. मोठ्या मोटारीतून स्टेपनी काढायची असेल, तर रन-फ्लॅट टायर सक्तीचे करावेत, नुसती बाटली नव्हे. विक्रीच्या वेळी किमतीच्या पत्रकावर ‘या वाहनात जादा चाक नाही’ असे ठळक अक्षरांत छापावे आणि ज्याला हवे त्याला ते वाजवी दरात मिळावे. आज अनेकांना ही गोष्ट पहिले पंक्चर होईपर्यंत ठाऊकच नसते. गोव्यात भाड्याने मिळणाऱ्या मोटारींबाबत हा प्रश्न अधिकच टोकदार आहे. गाडी कंपनीची, चालवणारा परका, आणि चोर्ला घाटात डिकी उघडल्यावर आत काय आहे याची दोघांनाही कल्पना नसते.

तोवर द्रुतगती महामार्गावर ज्याची हवा गेली, त्याने काय करावे? डिकीत स्टेपनी असली, तरी धावत्या मार्गिकेलगत जॅक लावू नये. टायर खराब झाला तर होवो, गाडी हळूहळू पुढच्या थांब्यापर्यंत वा फाट्यापर्यंत न्यावी. नेणे अशक्यच असेल, तर धोक्याचे दिवे लावून आणि लाल त्रिकोण बराच मागे ठेवून सर्वांनी कठड्यापलीकडे जावे आणि राष्ट्रीय महामार्गांच्या १०३३ या क्रमांकावर मदत मागावी. आणंदजवळच्या त्या पहाटे बसखाली उतरलेले प्रवासी कठड्याच्या अलीकडे उभे होते.