बायोफ्लॉकच्या टाकीवर छत कोणतं घालायचं? शेडनेट, ताडपत्री की पॉलिथिन?

२२ एप्रिल २०२५ ला राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषी समकक्ष दर्जा द्यायचा निर्णय घेतला. शेतीच्या दराने वीज, किसान क्रेडिट कार्ड, शेतीच्या दराने कर्ज, स्वस्तात विमा, अशी सवलतींची यादी बाहेर आली आणि गावाकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मत्स्यपालनाचे व्हिडिओ पुन्हा जोरात फिरायला लागले. निळ्या गोल टाक्या, पाण्यात सुटणारे बुडबुडे आणि खाली कॅप्शन, 'अर्ध्या गुंठ्यात लाखोंची कमाई'.

त्यानंतर महिनाभरात दुसरी बातमी आली. मुंबईत एरवी ११ जूनच्या आसपास पोहोचणारा मान्सून त्या वर्षी २६ मे लाच येऊन धडकला. त्याआधीही मे महिनाभर राज्यात ठिकठिकाणी वळवाने झोडपून काढलं होतं. ज्यांनी टाक्यांवर उन्हाळ्यासाठी हिरवी जाळी ताणली होती आणि 'जूनमध्ये बघू' म्हणून ताडपत्री घडी घालून ठेवली होती, त्यांचं वेळापत्रकच कोलमडलं.

या दोन बातम्या एकत्र वाचल्या तर एक प्रश्न समोर येतो. टाकी, एअर पंप, बीज, खाद्य या सगळ्यावर तासभर बोलणारे व्हिडिओ डोक्यावरच्या कापडाबद्दल दोन वाक्यांच्या पुढे जात नाहीत. आणि उघड्यावरचं युनिट नेमकं तिथेच अडचणीत येतं.

पैसे किती अडकतात?

बायोफ्लॉक म्हणजे कमी पाण्यात दाटीने मासे वाढवायची पद्धत. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य यातून अमोनिया तयार होतो. पाण्यात वाढवलेले जिवाणू तो वापरून टाकतात आणि त्यांचे जे गोळे तयार होतात, म्हणजे फ्लॉक, ते मासेच खातात. यासाठी हवा २४ तास चालू लागते.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बायोफ्लॉकचं लहान युनिट ४ मीटर व्यासाच्या ७ टाक्यांचं धरलंय आणि त्याचा खर्च साडेसात लाख. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, म्हणजे ३ लाख अनुदान. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या लाभार्थ्यांना ६० टक्के, म्हणजे साडेचार लाख. उरलेले पैसे घरातले किंवा बँकेचे. एका रात्रीत छत टाकीवर पडून टाकी फाटली, तर टाकीसोबत त्या हंगामाचे मासेही गेले.

मासे पाण्यात असतात, मग उन्हाचा काय त्रास?

त्रास तीन बाजूंनी होतो. पहिला ऑक्सिजनचा. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशाला एका लिटरमध्ये साधारण ८.३ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशाला जेमतेम ७. त्याच वेळी गरम पाण्यात माशाची आणि जिवाणूंची भूक वाढते, म्हणजे ऑक्सिजन जास्त लागतो. आवक कमी, खर्च जास्त. त्यात दुपारी लाइट गेली तर हातात फार वेळ राहत नाही.

दुसरा त्रास शेवाळाचा आणि तिसरा अमोनियाचा, आणि हे दोघं जोडीने येतात. उघड्या टाकीवर थेट ऊन पडलं की सूक्ष्म शेवाळ माजतं. ते दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचतं, त्यामुळे दुपारी पाण्याचा पीएच चढतो. आता अमोनिया दोन रूपांत असतो, एक माशाला घातक आणि दुसरं त्या मानाने निरुपद्रवी. पाणी ३० अंशाला असताना पीएच ७ असेल तर घातक रूपाचं प्रमाण १ टक्क्याच्याही खाली असतं. ८ ला ते साडेसात टक्क्यांच्या आसपास जातं आणि ९ ला ४५ टक्क्यांच्या घरात. म्हणजे सकाळी किटने तपासलेला एकूण अमोनिया तोच, पण दुपारी तीनला तोच जीवघेणा. 'सकाळी सगळं ठीक होतं' असं म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचं गणित इथे चुकतं.

सावली केली की पाणी कमी तापतं आणि शेवाळालाही आळा बसतो. बायोफ्लॉकच्या जिवाणूंना उजेडाची गरज नाही, त्यामुळे सावलीने त्यांचं काही बिघडत नाही.

मग शेततळ्यावरही छत घालायचं का?

नाही. हा घोटाळा बरेच जण करतात. मातीच्या तळ्यात किंवा 'मागेल त्याला शेततळे' योजनेतल्या तळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडले असतील तर तिथलं हिरवं पाणी हाच त्यांच्या अन्नाचा पाया आहे, आणि दिवसा बराचसा ऑक्सिजनही तेच शेवाळ तयार करतं. अख्खं तळं झाकलं तर दोन्ही गोष्टी बंद पडतात. तळ्यावर पक्ष्यांसाठी मोठ्या डोळ्याची जाळी पुरते, कारण पाणकावळे एकदा जागा शोधून गेले की रोज येतात. कापडी निवारा लागतो तो तळ्याच्या काठावर. खाद्याच्या पोत्यांसाठी, कारण ओल लागलेल्या खाद्याला बुरशी येते. आणि मासे काढायच्या दिवशी, निवडणी-वजन सावलीत व्हावं म्हणून. तिथे चार पायांचा उचलता येणारा मंडप चालतो, कारण तो संध्याकाळी परत घडी होतो.

तीन कापडं, तीन स्वभाव

शेडनेटवर ३५, ५०, ७५, ९० असे आकडे असतात. ५० म्हणजे निम्मा उजेड अडवणारी. बायोफ्लॉकसाठी ५० ते ७५ पर्यंतची जाळी घेतात. ९० ची घेतली की जास्त चांगली, असं दुकानदार सांगतो, पण जाळी जितकी घट्ट तितका वारा जास्त धरते आणि खालची गरम हवाही अडते. शेडनेटमधून पाऊस मात्र सरळ खाली येतो.

तो आला तर काय होतं? १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे ४ मीटरच्या टाकीत सुमारे १,२५० लिटर पाणी, पातळी १० सेंटिमीटर वर. टाकी काठोकाठ भरून ठेवली असेल तर फ्लॉक वाहून जातो आणि मागोमाग मासेही. शिवाय पावसाच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात, त्यामुळे पीएच सांभाळणारी पाण्याची ताकद कमी होते.

म्हणून ताडपत्री. ती पाऊस अडवते, पण अडवलेलं पाणी कुठेतरी जायला हवं. १० बाय १० मीटरच्या छतावर तोच १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते १० हजार लिटर होतात. छताचा उतार शेजारच्या टाकीवर संपत असेल तर ते सगळं एकाच टाकीत. उतार पुरेसा नसेल तर कापडाला पोट सुटतं. २ बाय २ मीटरच्या जागेत सरासरी १० सेंटिमीटर पाणी साचलं की ४०० किलो वजन झालं, तेही खाली मासे असताना.

तिसरं कापड म्हणजे पॉलिहाऊसचं पारदर्शक पॉलिथिन. निफाडसारख्या ठिकाणी, जिथे हिवाळ्यात पारा एक आकड्यावर येतो, तिथे त्याचा उपयोग होतो. पंगस थंडी सहन करत नाही, तिलापियाही गारठला की खाणं सोडतो. पण तेच पॉलिथिन एप्रिलमध्ये तसंच ठेवलं तर खाली भट्टी पेटते.

थोडक्यात, महाराष्ट्रात एका वर्षात तीन वेगळे शत्रू येतात आणि एकच कापड तिघांशी लढू शकत नाही. म्हणून सांगाडा एक आणि कापडं किमान दोन, हा हिशोब जास्त परवडतो. सांगाडा उंच हवा, कापड पाण्यापासून अडीच-तीन मीटर वर, म्हणजे गरम हवा निघून जाते आणि माणसाला खाली ताठ उभं राहून काम करता येतं. किनारपट्टीवर खारी हवा पाइप खाते, त्यामुळे पालघर-रायगडकडे जस्ताचा जाड मुलामा घेतलेलाच पाइप लागतो. नुसता रंग दिलेला टिकत नाही.

पण खरा निकाल वारा लावतो

सावलीचे टक्के, कापडाचा रंग यावर चर्चा खूप होते. छत उडतं ते वाऱ्याने.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. ताशी ५० किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर सुमारे १२ किलोचा दाब देतो. ताशी १०० चा वारा ४७ किलोचा. चार टाक्यांवरचं १० बाय १० मीटरचं छत घेतलं तर १०० चौरस मीटर, म्हणजे पहिल्या वाऱ्याला १.२ टन आणि दुसऱ्याला ४.७ टन. छताच्या आकाराप्रमाणे आणि उताराप्रमाणे हा आकडा कमी-जास्त होतो, जाळीवर तो कमी असतो, पण कोणत्या पातळीचा जोर आहे हे यावरून कळतं. आणि सपाट ताडपत्रीला वारा नुसता ढकलत नाही, खालून शिरून वर उचलतो.

इमारतींसाठी वाऱ्याचा जोर धरायचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ भाग ३, त्यात पुण्यासाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबई-नागपूरसाठी ४४ मीटर दिलाय. ताशी १४० आणि १५८ किलोमीटर. पाइप आणि कापडाचा हलका निवारा एवढ्या झोताला उभा राहील, अशी अपेक्षाच चुकीची आहे. तो वेळेवर उतरवता आला पाहिजे.

इथे 'पोर्टेबल' या शब्दाचा खरा अर्थ येतो. विकणारे तो 'कुठेही उचलून न्या' या अर्थाने वापरतात. टाक्या काही कुठे जात नाहीत. मत्स्यपालकाच्या कामाचा प्रश्न वेगळा आहे, दोन माणसं अर्ध्या तासात कापड गुंडाळू शकतात का? कारण लहान युनिट बहुतेकदा नवरा-बायको मिळून चालवतात आणि वळीव सांगून येत नाही. हवामान विभागाचा तातडीचा इशारा आला तर हातात दोन-तीन तास असतात.

एक गोष्ट मात्र मत्स्यपालकाच्या बाजूची आहे. सावली लागते अकरा ते चार. वळवाचा वारा बहुतेक वेळा दुपार कलल्यावर सुटतो. त्यामुळे शेडनेट तारेवर कड्यांनी सरकणारी, पडद्यासारखी बसवली तर रोज संध्याकाळी ती गोळा करून बांधता येते. खिळ्यांनी आणि तारेने चारही बाजूंनी आवळलेली जाळी दिसायला ताठ असते, पण वादळात तिला सोडवायला शिडी लागते. आणि त्या वेळी शिडीवर चढणं हा वेडेपणा आहे.

आता पाय. काळ्या मातीत खुंटी ठोकून निवारा बांधला की फेब्रुवारीत तो घट्ट असतो. मेमध्ये त्याच मातीला भेगा पडतात आणि खुंटी हाताने हलते. म्हणजे वारा सुटायच्या महिन्यातच पकड सैल. मग खांब सिमेंटमध्ये रोवायचे किंवा प्रत्येक पायाला वजन बांधायचं. पाण्याने भरलेला २०० लिटरचा ड्रम म्हणजे २०० किलो. १.२ टनांसाठी असे सहा लागतात, आणि ते रिकामे झालेत का हे बघावं लागतं.

अजून एक बारकावा आहे. कापड सांगाड्याला कशाने बांधलंय? ते इतकं घट्ट असेल की काही झालं तरी सुटणार नाही, तर वारा अख्खा सांगाडा उचलतो, आणि पाइपचं टोक टाकीच्या अस्तरात घुसतं. ताण असह्य झाल्यावर सुटणाऱ्या रबरी दोऱ्यांनी कापड बांधलं, तर कापड जातं पण टाकी वाचते. फ्यूज उडतो तसं.

फ्लेक्स वापरला तर?

गावात सगळ्यात स्वस्त आणि मुबलक मिळणारं कापड कोणतं, तर भावी आमदारांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स. ते टाक्यांवर सर्रास दिसतात. पण फ्लेक्स काही महिन्यांच्या जाहिरातीसाठी बनतो. उन्हात तो कडक होतो, सोलतो आणि त्याचे पापुद्रे पाण्यात पडतात. स्वस्त शेडनेटचंही तेच. ऊन खाऊन ठिसूळ झालेल्या जाळीचे धागे टाकीत गळतात, माशांच्या तोंडात आणि पंपाच्या जाळीत अडकतात. लग्नाच्या मांडवाचं कापड तर दोन दिवसांसाठीच असतं.

त्यामुळे घेताना अतिनील किरणांना टिकणारं कापड आहे का आणि किती वर्षांची हमी, हे लेखी मागायचं. शेडनेटसाठी आयएस १६००८ आणि पॉलिथिनच्या ताडपत्रीसाठी आयएस ७९०३ अशी मानकं आहेत, ती छापलेली दिसतात का बघायची. जाडीसाठी जीएसएम सांगतात, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन किती ग्रॅम. हे घरीही तपासता येतं. १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा कापून सोनाराच्या काट्यावर ठेवायचा आणि जे ग्रॅम येतील त्याला १०० ने गुणायचं. २०० म्हणून विकलेल्या ताडपत्रीचा तुकडा २ ग्रॅम भरला पाहिजे. सव्वा भरला तर पुढचं बोलणं दुकानातच करून घ्यावं.

विमा काढताना पॉलिसीत फक्त मासे धरलेत की टाकी आणि छतही, आणि वादळाचं नुकसान त्यात येतं का, हेही वाचून घ्यावं लागतं. आणि बिल. त्यावर सावलीचे टक्के, जीएसएम, हमीची वर्षं असं काहीच नसेल, नुसतं 'हिरवी जाळी, १ नग' लिहिलेलं असेल, तर आठ महिन्यांनी जाळीचा भुगा झाल्यावर ते घेऊन दुकानात गेलेल्या माणसाला दुकानदार चहा तेवढा पाजतो.