तोफ कोणी ओढली?

आमच्या वस्तीतील अभ्यासिकेत एक जुना कॉम्प्युटर आहे. लोकवर्गणीतून घेतलेला. त्यावर पोरांनी नोकरीचे अर्ज भरावेत, टायपिंग शिकावे, हिशेबाची कामे शिकावीत, हा हेतू. परंतु दिवाळीनंतर तक्रार आली की संध्याकाळी पाच-सहा पोरे त्याला चिकटलेली असतात आणि आतून तलवारींचा खणखणाट ऐकू येतो. तक्रार करणारा एका मुलाचा बापच होता. चांदूर बाजारच्या बाजारात हमाली करतो. मुलगा बारावीला. बापाचे म्हणणे सरळ होते, "भाऊ, त्या पेटीले कुलूप लावा. पोट्टं वाया चाललं."

समितीची बैठक झाली. कुलूप लावावे असे ठरले. त्या कागदावर आमचीही सही आहे, हे लपवून काय करायचे? कारकुनी करणाऱ्या माणसाला सही करण्याची घाई असतेच. सही करून झाल्यावर आम्ही पाहायला गेलो की पोरे खेळतात तरी काय.

खेळाचे नाव 'एज ऑफ एम्पायर्स', दुसरा भाग. 1999 साली निघालेला, पण अजून जगभर खेळतात. बुद्धिबळासारखा आळीपाळीने चाल देण्याचा हा प्रकार नाही. इकडे आपण विचार करीत बसलो तर तिकडे शत्रू येऊन गाव जाळून जातो. त्यात शेतकरी, लाकूडतोडे, खाणीतले मजूर असतात. पोरे त्यांना 'व्हिलेजर' म्हणतात. त्यांच्या कष्टावर फौज उभी राहते. आणि खेळणाऱ्याला स्वतःचा डाव रचण्याची सोय आहे. नकाशा आपण काढायचा, डोंगर-नद्या आपण मांडायच्या, नियम आपण लिहायचे. नियमाला ते 'ट्रिगर' म्हणतात. अमुक घडले की तमुक व्हावे, एवढाच त्याचा अर्थ.

पोरांनी रचलेला पहिला डाव अर्थातच कोरेगावचा होता, 1 जानेवारी 1818 चा. गावाच्या भिंतीआड थोडे सैनिक, बाहेर पेशव्यांची हजारोंची फौज, आणि दिवस मावळेपर्यंत टिकायचे. तो सगळ्यांनी जिंकून झाला होता. तेव्हा त्या हमालाच्या पोराने दुसरा घेतला होता, आपल्या जिल्ह्यातला. गाविलगड, डिसेंबर 1803.

चिखलदऱ्याला सहलीला जाऊन गाविलगड पाहिला नाही असा आपल्याकडे कोणी नसेल. पण तिथे काय झाले ते थोडक्यात सांगतो. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावला नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांकडून पराभव झाला. उरलेले पायदळ गाविलगडावर गेले. इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, तोच पुढे 1815 साली वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. त्याने पाहिले की दक्षिणेकडून, म्हणजे आपल्या मैदानाच्या बाजूने, चढ इतका उभा आहे की मोठ्या तोफा वर जाणार नाहीत. तोफा लावायच्या तर उत्तरेच्या अंगाने, डोंगरामागून. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनची फौज 7 डिसेंबरला अचलपुराहून निघाली आणि धामणगाव गढीच्या बाजूने डोंगरात शिरली. सुमारे 30 मैल. रस्ता नव्हताच. पुढे रस्ता फोडायचा आणि मागून तोफ हातांनी ओढायची. 12 तारखेला ते पोहोचले, 13 ला मारा सुरू झाला, 14 च्या रात्रीपर्यंत बाहेरच्या तटाला खिंडारे पडली, 15 च्या सकाळी हल्ला. आतल्या किल्ल्याच्या तटाला मात्र खिंडार नव्हते. तिथे कॅप्टन कॅम्पबेल नावाचा अधिकारी काही शिपायांसह शिड्या लावून चढला आणि त्याने आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग मारला गेला.

पोराचा पहिला डाव हल्ल्याचाच होता. तोफा तयार, खिंडार तयार, कॅम्पबेल नायक. पोरांनी तो दोन संध्याकाळी जिंकला आणि "बेकार आहे" म्हणून सोडून दिला. आम्ही गेलो तेव्हा तो पोरगा नकाशा पुसत बसला होता. आम्ही विचारले, "काय रे, मोडतोस कशाला?" तो म्हणाला, "काका, कठीण भाग हा नाहीच. कठीण भाग रस्ता आहे."

मग त्याने डाव उलटा केला. किल्ला नकाशाच्या एका टोकाला ढकलला आणि बाकी सगळीकडे डोंगर आणि दाट जंगल भरले. दक्षिणेला नुसते कडे. या खेळात कड्यावरून कोणी जाऊ शकत नाही, त्यामुळे सरळ वर जाण्याची घाई करणारा तिथेच अडकतो. हातात फक्त व्हिलेजर आणि थोडे शिपाई. झाडे तोडत गेल्याशिवाय वाट होत नाही. तोफ स्वतःहून हलतच नाही. वीस व्हिलेजर तिच्याजवळ उभे राहिले की ती पुढच्या निशाणापर्यंत सरकते. एकोणीस असले की जागेवर. डोंगरातून मधेच टोळी येते आणि व्हिलेजरच मारते. वेळ पन्नास मिनिटांचा, एका दिवसाला दहा मिनिटे. सूचना मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत.

खेळणाऱ्यांची पंचाईत झाली. इतके दिवस त्यांची सवय अशी की व्हिलेजर मेला तर मेला, दुसरा काढता येतो. इथे दुसरा काढताच येत नाही. एका पोराने टोळीला अडवायला व्हिलेजर पुढे केले, दहा गेले, आणि तोफ चढावर तशीच उभी राहिली. पन्नास मिनिटे संपेपर्यंत तो नुसता तिच्याकडे बघत होता.

वेलस्लीने वर पाठवलेल्या अहवालात या ओढण्याच्या कष्टांचे कौतुक केले आहे, पण नावे अधिकाऱ्यांची आहेत. रस्ते फोडायला 'पायोनियर' नावाच्या तुकड्या असत, मद्रासकडच्या माणसांच्या. त्या माणसांपैकी एकाचेही नाव त्या अहवालात नाही. कोणाच्या बाजूने खेळायचे, हा वादही पोरांत झाला. इंग्रज आपले नव्हते. भोसल्यांच्या राज्यात आपल्या लोकांची जी गत होती तीही ठाऊक आहे. पोराने वाद असा मिटवला की तू दोर ओढणाऱ्यांच्या बाजूने खेळ, बाकीचे सोड. आम्हाला हे उत्तर पटले. तुम्हाला पटावे असा आग्रह नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याच्या बापाला घेऊन आलो. बाजारातून आलेला, अंगावर पोत्यांची धूळ तशीच. मागे खुर्चीवर बसला आणि बराच वेळ बोलला नाही. पोरगा घाबरून माउसही हलवीना. आम्ही सांगितले की अठरा पौंडी गोळ्याच्या तोफेची नुसती नळी दोन टनांच्या आसपास असते. तो मनाशी म्हणाला, "वीस क्विंटल." मग पुढे सरकून पडद्यावर बोट ठेवले. "हा उतार हाये ना? इथं सगळे मानसं पुढं काहून उभे केले?"

पोरगा म्हणाला, "ओढतात बाबा."

"उतारावर कोन वढते? चढवनं सोपं अस्ते. उतरवतानी मानूस मरते. मांगून दोर कोनं धरला हाये, थे दाखव पयले."

पोरगा दोन दिवस त्यावर बसला. आता उताराच्या प्रत्येक टप्प्यावर बारा माणसे मागे आणि आठ पुढे लागतात. मागे अकरा झाले की तोफ सुटते आणि पुढचे आठही मरतात. डाव दुप्पट कठीण झाला. गंमत म्हणजे सगळ्यांत जास्त वेळा तिथेच हरतात.

तीन आठवड्यांनी एका मुलीने तो जिंकला. नववीत आहे. तिने एकही तोफ घाईने हलवली नाही, आधी पूर्ण वाट तोडून घेतली. शेवटी पडद्यावर पोराने लिहिलेली ओळ आली की 17 डिसेंबर 1803 ला देवगावचा तह झाला, कटक प्रांत आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांकडून गेला, पण गाविलगड आणि नरनाळा त्यांच्याकडेच राहिले. म्हणजे किल्ला घेतला आणि दोन दिवसांत परत देण्याचे ठरले. ती पोरावर भडकलीच. "आधी सांगायचं होतं," म्हणाली.

समितीने कुलपाचा ठराव मागे घेतला आहे. खेळायला संध्याकाळी एक तास, अर्ज भरणारा आला तर लगेच उठायचे. बारावीची परीक्षा होईपर्यंत पोराने नवा डाव रचायचा नाही, अशी बापाची अट आहे आणि ती त्याने मान्य केली आहे. मात्र बापानेच परवा आम्हाला बाजारात अडवून विचारले, "भाऊ, त्या पाच दिवसांत त्या मानसाईले भाकर कोन देत होतं? पोट्ट्यानं थे टाकलंच नाही." आम्ही निरोप पोहोचवला आहे.